मामांची वही आणि माझे सत्तावीस रकाने

मी सॉफ्टवेअरवाली नाही. बी.कॉम. करून चाकणच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बिलिंग बघते. २०२४ साली आमच्या डिस्पॅचच्या, म्हणजे गाड्या रवाना करून त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसांसाठी एक छोटं अ‍ॅप उभं करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जानेवारीत सुरू झालेलं ते दिवाळीला कुठे मार्गी लागलं. मधल्या काळात रात्री जागून मी मराठीत कुणी असं काही लिहिलंय का ते शोधायचे. फारसं हाती लागलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. तुमचा धंदा वेगळा असेल, पण वही, फोन आणि गोंधळ हे तिन्ही सगळीकडे तेच असतात असा माझा अंदाज आहे.

आधी थोडी ओळख. कंपनीच्या स्वतःच्या २३ गाड्या, बाकी लागतील तशा मार्केटच्या, म्हणजे बाहेरून भाड्याने घेतलेल्या. माल बहुतेक वाहनांचे सुटे भाग. चाकणहून होसूर, साणंद, मानेसर अशा फेऱ्या. डिस्पॅचला सहा जण, दोन पाळ्या. त्यांतले सगळ्यात जुने ते मामा. नात्याने कुणाचेच मामा नाहीत, पण शेठपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १६ जानेवारीला, शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. एका पार्टीचं पेमेंट अडकलं होतं, कारण ४१ पीओडी सापडत नव्हत्या. ट्रान्सपोर्टबाहेरच्यांसाठी सांगते: माल पोचला की घेणाऱ्याने बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतुकीच्या पावतीवर, सही-शिक्का मारून दिलेली प्रत म्हणजे पीओडी. ती बिलाला जोडली नाही तर पार्टीचं अकाउंट खातं बिलाकडे बघतही नाही. कागद ड्रायव्हरच्या सीटखाली असो, कुरिअरमध्ये असो की आमच्याच कपाटात, पैसे अडकतात ते आमचे. शेठ म्हणाले, "तुला एक्सेल येतं ना? मग कर काहीतरी."

मी दोन सॉफ्टवेअरवाल्यांकडून दर मागवले. कमी दर होता १ लाख ८० हजार, वर दरवर्षीची देखभाल वेगळी. शेठनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. तो विषय तिथेच संपला.

मग अ‍ॅपशीट नावाचं गुगलचं साधन घेतलं. खाली गुगल शीट ठेवायची, वर मोबाईलवर चालणारे फॉर्म तयार होतात, कोड जवळजवळ लिहावा लागत नाही. तीन आठवडे घरी, मुलगी झोपल्यावर, मी ते बनवत बसले. बिलिंगला जे जे कधीतरी लागतं ते सगळं त्यात घातलं. गाडी, ड्रायव्हर, ड्रायव्हरचा फोन, लायसन्स, पार्टी, चलान, वजन, नग, हमाली, डिझेल, भत्ता... सत्तावीस रकाने झाले. मला ते फार सुंदर वाटत होतं. रंगसुद्धा निवडले होते.

१२ फेब्रुवारीला सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं. पहिल्या दिवशी नोंदी आल्या, दुसऱ्या दिवशीही आल्या. चौथ्या दिवशी मी नोंदींच्या वेळा पाहिल्या. दिवसभरातल्या १९ गाड्या संध्याकाळी ७ वाजून ४८ मिनिटांपासून पुढच्या ११ मिनिटांत भरलेल्या होत्या. पाळी आठला संपते. म्हणजे दिवसभर वहीत लिहायचं आणि घरी जायच्या आधी वही बघून माझ्या समाधानासाठी अ‍ॅपमध्ये उतरवायचं. वजनाच्या रकान्यात सगळीकडे १०००. गाडी कुठे आहे ते अ‍ॅपला कळायचं ती गाडी सातारा ओलांडून गेल्यावर.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. थोडा रागही आला. मामांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "म्याडम, गाडी गेटवर असते तेव्हा ड्रायव्हर, हमाल, गेटवाला आणि पार्टी, चौघं एकदम बोलतात. तुमचे सत्तावीस प्रश्न कुठल्या हाताने भरू?"

आठवडाभर मी त्या अ‍ॅपकडे बघितलंच नाही. मग ४ मार्चपासून दोन आठवडे, माझं काम आटपलं की संध्याकाळी सहा ते दहा डिस्पॅचच्या केबिनमध्ये जाऊन बसायला लागले. घरी त्याबद्दल बोलणी खाल्ली. पण या सगळ्यात माझा सर्वांत उपयोगी वेळ कुठला म्हणाल तर हाच. मी काही विचारायचे नाही, चहा प्यायचे आणि कागदावर रेघा मारायचे. एका संध्याकाळी ९४ फोन आले. त्यांतल्या ६१ फोनचा प्रश्न एकच: "गाडी कुठाय?" पार्टी विचारते, शेठ विचारतात, आमचंच बिलिंग विचारतं. प्रत्येक वेळी मामा वही उघडायचे, ड्रायव्हरला फोन लावायचे, तो उचलायचा नाही, मग पुन्हा.

आणि ती वही. मी तिला आजवर गबाळी समजत होते. पण मामा गाडी नंबराने शोधतात, तेही शेवटच्या चार आकड्यांनी: "चौसष्ट बारा निघाली का रे?" गाडी पोचली नसेल तर पानाचा कोपरा दुमडलेला. ई-वे बिलाची (माल वाहून नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) मुदत जवळ आली की तारखेभोवती लाल गोल. पीओडी हातात आली की नोंदीवर आडवी रेघ. म्हणजे कोपरे बघितले की रस्त्यावरच्या गाड्या कळतात, रेघ नसलेल्या ओळी बघितल्या की अडकलेली पीओडी. दुसऱ्या माणसाला ती वही वाचता येत नव्हती, एवढीच तिची अडचण. मामा सुट्टीवर गेले की डिस्पॅच आंधळं.

मी पानांचे फोटो मागितले तेव्हा मामा घुटमळले. दोन दिवस टाळलं. मग कळलं, वहीच्या शेवटच्या पानांवर ड्रायव्हरांना त्यांनी स्वतःच्या खिशातून दिलेल्या उचलीचा हिशेब होता. शेठला तो माहीत नव्हता. मी म्हटलं, मामा, मागची दहा पानं तुम्ही रबर लावून बांधा, मला पुढचीच द्या. त्यांनी खरोखर रबर लावलं. तुम्हीही कुणाची वही मागणार असाल तर तिच्यात काय काय राहत असेल याचा आधी विचार करा.

एप्रिलमध्ये दुसरं अ‍ॅप सुरू केलं, पहिलं पुसून. या वेळी सात रकाने. पहिला रकाना गाडीचे शेवटचे चार आकडे, टाईप करताच गाडी समोर. इथे एक फजिती झाली: आमच्या दोन गाड्यांचे शेवटचे चार आकडे एकच निघाले, एक एमएच १२ ची, एक एमएच १४ ची. मामा त्यांना 'जुनी' आणि 'निळी' म्हणतात. मग मीही यादीत तसंच लिहिलं. खाली पाच बटणं: भरली, निघाली, पोचली, खाली झाली, पीओडी आली. बटण दाबलं की वेळ आपोआप पडते. टाईप करायचं जवळपास काही नाही. वजन, हमाली, डिझेल हे सगळं मी बिलिंगच्या बाजूला, माझ्या अंगावर घेतलं. कागद तसेही माझ्याकडे येतातच.

पीओडीचा फोटो डिलिव्हरीच्या जागीच ड्रायव्हरने काढावा असा माझा बेत होता. तो फसला, कारण कित्येक कारखान्यांत गेटवर फोन जमा करतात किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. मग ड्रायव्हर बाहेर पडून चहाच्या टपरीवरून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो आणि डिस्पॅचचा माणूस तो अ‍ॅपमध्ये चढवतो. दिसायला बेंगरूळ, पण चालतं. मूळ कागद तरीही लागतोच, फोटोवर बिल पास होत नाही.

खर्चाचं सांगते. अ‍ॅपशीटचा सुरुवातीचा प्लॅन तेव्हा माणशी महिन्याला पाच डॉलर होता. आम्ही सात जण, म्हणजे ३५ डॉलर, साधारण तीन हजार रुपये, वर कर. शेठ एवढ्याला लगेच हो म्हणाले. अडलं ते पैसे भरताना. कंपनीच्या करंट खात्याच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते. ते चालू करायला बँकेत अर्ज, लेटरहेडवर पत्र, दोन्ही भागीदारांच्या सह्या. धाकट्या शेठची सही जुळेना, कारण बँकेतला नमुना त्यांच्या लग्नाच्या आधीचा. नवीन नमुना सहीचा फॉर्म, पुन्हा पत्र, पुन्हा शिक्का. १८ एप्रिलला दिलेला अर्ज ३ मे रोजी पार पडला. हे काम अ‍ॅप बनवायला घेतानाच सुरू करा, बनून झाल्यावर नको. आणि तुमच्या कंपनीत पैसे भरून घेतलेलं गुगल वर्कस्पेस असेल तर आधी त्याचा प्लॅन तपासा, बहुतेक प्लॅनमध्ये अ‍ॅपशीट येतंच. आमच्याकडे साधे जीमेल होते.

मे महिनाभर दोघांनीच वापरलं, मामा आणि रात्रपाळीचा एक पोरगा. वही बंद करा असं मी म्हटलं नाही. शेठ म्हणत होते, मीच नको म्हटलं.

जूनमध्ये ई-वे बिलाला हात घातला. थोडक्यात नियम असा की ई-वे बिलाची मुदत अंतरावर ठरते, दर २०० किलोमीटरला एक दिवस. १ जानेवारी २०२१ च्या आधी ते १०० किलोमीटर होतं. मुदत मध्यरात्री संपते. वाढवून घ्यायची तर संपण्याआधी आठ तास ते संपल्यानंतर आठ तास एवढीच खिडकी. ती चुकली आणि वाटेत तपासणीत गाडी सापडली तर मालासकट अडवली जाते, आणि मालाचा मालक पुढे आला तरी करपात्र मालावर कराच्या दुप्पट दंड. चाकण ते होसूरला पाच दिवस मिळतात, भरपूर वाटतात. पण गाडी भरायला उशीर, मग वाटेत बंद पडली, मग रविवारी पार्टीचं गेट बंद, असं करत दिवस संपतात.

मी आधी अंतरावरून मुदत अ‍ॅपमध्येच काढायचा शहाणपणा केला. तो दोन दिवसांत सोडला. ई-वे बिलाचं सरकारी पोर्टल पिनकोडवरून स्वतःचं अंतर काढतं, माझ्या अंतराशी ते जुळेना. शेवटी बिलावर छापलेली तारीखच टाईप करायची ठरली. ई-वे बिलाचा नंबर बारा आकडी असतो. बारा भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही एवढी अट घातली आणि निम्म्या चुका गेल्या. मग एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा चार ओळींचा कोड: रोज संध्याकाळी शीट वाचायची आणि आज-उद्या मुदत संपणाऱ्या गाड्यांची यादी ईमेलने पाठवायची. गुगलच्या स्क्रिप्टला 'रात्री आठ ते नऊ' असं सांगितलं की ती त्या तासात तिच्या मर्जीच्या मिनिटाला चालते. आठ म्हणजे आठला यादी हवी असेल तर तिला सात ते आठचं सांगा.

१८ जूनला चालू केलं. यादी रोज बरोबर येत होती. मी निर्धास्त.

६ जुलै, शनिवार. सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी मामांचा फोन. होसूरची एक गाडी चित्रदुर्गच्या पुढे रात्री बंद पडली होती. ड्रायव्हरने कागद काढून बघितले तर ई-वे बिल आदल्या रात्री बारालाच संपलेलं. माझ्या यादीत ती गाडी नव्हती. आठ वाजेपर्यंत वेळ होता. मी चप्पल न घालता खाली पार्किंगमध्ये उतरले, कारण घरात नेट चालत नव्हतं. मामा ड्रायव्हरकडून गाडी नेमकी कुठे आहे ते विचारत होते, मी पोर्टलवर उरलेलं अंतर आणि जागा भरत होते. कारणात 'इतर' निवडून 'गाडी बंद पडली' लिहिलं. ७ वाजून १२ मिनिटांनी मुदत वाढली. त्यानंतर हात थरथरायला लागले.

दोष पूर्णपणे माझा होता. शीट अमेरिकेच्या पद्धतीवर होती, म्हणजे आधी महिना, मग दिवस. ०५/०७/२०२४ ला ती ७ मे समजली. स्क्रिप्टला वाटलं हे बिल कधीच संपलंय, जुनं आहे, सोडून द्या. मग जूनमध्ये बरोबर का चाललं? कारण मी १८ तारखेला सुरू केलं होतं. १३ ते ३० पर्यंतच्या तारखांना शीट तारीखच मानत नव्हती, एवढे महिने नसतात म्हणून. ते नुसती अक्षरं म्हणून तसंच ठेवत होती, आणि माझी स्क्रिप्ट ती अक्षरं नीट वाचत होती. महिना बदलला आणि सगळं उलटलं. शीटच्या सेटिंगमध्ये देश भारत करायचा, एवढंच ते औषध. नवीन शीट उघडलीत की पहिलं काम ते करा, आणि चाचणी १ ते १२ तारखांवर जरूर करून बघा.

सोमवारी मी शेठना स्वतःहून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "गाडी पोचली ना?" मामांनी मात्र त्या दिवशी वहीत पुन्हा लाल गोल काढायला सुरुवात केली. मी काही बोलू शकले नाही. बरोबरच होतं ते.

या धक्क्यातून मी एक महागडी चूक केली. वाटलं, ड्रायव्हरलाच थेट एसएमएस जायला हवा, की बाबा तुझं बिल उद्या संपतंय. कंपनीच्या नावाने असे मेसेज पाठवायचे तर डीएलटी नावाच्या, टेलिकॉम कंपन्या चालवतात त्या पोर्टलवर नोंदणी लागते, दूरसंचार नियामक ट्रायचा नियम आहे. १५ जुलैला अर्ज केला. पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, लेटरहेडवर अधिकारपत्र, सही-शिक्का, आणि शुल्क ५,९०० रुपये. पहिल्यांदा परत आला: लेटरहेडवरचा पत्ता जीएसटीतल्या पत्त्याशी जुळत नाही. आमच्या लेटरहेडवर जुन्या ऑफिसचा पत्ता अजून होता, आठ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नवीन लेटरहेड छापून घेतली. दुसऱ्यांदा परत: शिक्का पुसट. मग सहा अक्षरी हेडर, म्हणजे मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव, मग मेसेजचा नमुना. नमुना तीनदा नाकारला गेला, एकदा तर कारणाच्या जागी फक्त 'अयोग्य' एवढंच. २९ ऑगस्टला शेवटचा होकार आला. अर्ज करून ४५ दिवस. शिवाय देवनागरी मेसेजमध्ये एका एसएमएसला ७० अक्षरंच मिळतात, इंग्रजीत १६०, म्हणून माझा साधा मेसेज दोनाच्या दराने जात होता.

२ सप्टेंबरला पहिले मेसेज गेले. त्या आठवड्यात ३८ गेले, आणि डिस्पॅचचे फोन वाढले. ड्रायव्हर मेसेज आला की मामांना फोन करायचा: "मामा, काहीतरी आलंय, काय लिहिलंय?" मामा मला फोन लावून विचारायचे. १० तारखेला मी ते बंद केलं. नोंदणी, नवीन लेटरहेड आणि मेसेज मिळून नऊ हजारांच्या आसपास गेले. शेठनी अजून त्यावरून टोमणा मारलेला नाही, पण आठवण असेल त्यांना.

खरं काम झालं ते फुकटात. गणपतीत शेठच्या घरचा जुना ३२ इंची टीव्ही गोडाऊनमध्ये येऊन पडला. मी तो डिस्पॅचच्या भिंतीवर लावून घेतला आणि त्यावर फक्त एक यादी ठेवली: गाडी, कुठे चालली, शेवटचं बटण कुठलं आणि किती वाजता, आणि ई-वे बिल संपायला किती तास उरले. बारा तासांच्या आत आलं की ओळ लाल. बस. आता 'गाडी कुठाय' याचं उत्तर केबिनमधला कुणीही मान वर करून देतो, चहा घेऊन आलेला पोरगासुद्धा देतो. गुरुवारी एमआयडीसीत वीज जाते तेव्हा पुन्हा सगळे मामांकडे बघतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा एक संध्याकाळ रेघा मारल्या. ७२ फोन, त्यांतले २६ 'गाडी कुठाय'. पंधरा दिवसांपेक्षा जुन्या पीओडी तेव्हा ९ राहिल्या होत्या. त्यांतल्या चार मार्केटच्या एकाच गाडीवाल्याकडे होत्या आणि तो फोन उचलत नव्हता. त्याला अ‍ॅप काय करणार.

राहिलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. हॉल्टिंगचा हिशेब अजून हाताने होतो, म्हणजे पार्टीच्या गेटवर गाडी किती तास उभी राहिली ते. 'पोचली' आणि 'खाली झाली' या दोन बटणांमधला वेळ आमच्याकडे आहे, पण पार्टी तो मानत नाही, त्यांना त्यांच्याच गेटचा शिक्का लागतो. त्यावर भांडण चालू आहे. मार्केटच्या गाड्यांचे पूर्ण नंबर टाईप करताना अजून चुका होतात. आणि माझ्याशिवाय ती स्क्रिप्ट कुणाला कळत नाही, म्हणजे मामांच्या वहीचं जे होतं तेच आता माझं झालंय. रात्रपाळीच्या त्या पोराला दर शनिवारी अर्धा तास शिकवते आहे. तो हुशार आहे, फक्त शनिवारी त्याला क्रिकेट असतं.

लक्ष्मीपूजनाला १ नोव्हेंबरला दरवर्षीप्रमाणे ऑफिसात वह्यांची पूजा झाली. मामांनी नवीन वही आणली होती, लाल कापडी बांधणीची. पूजेआधी नेहमीप्रमाणे त्यांनी तिच्यात पट्टीने रकाने आखून ठेवले होते. हळद-कुंकू वाहताना मी वाकून बघितलं. गाडी, पार्टी, निघाली, पोचली, पीओडी. ई-वे बिलाच्या तारखेचा रकाना नव्हता.

मागची दहा पानं रबर लावून बांधलेली होती.